निंदणाच्या आधी, निंदणाच्या नंतर

पहाटे ५.३०

ओलं गोणपाट उलगडताना मला रोज धाकधूक होते. आत शंभर बिया असतात. दहा-दहाच्या दहा ओळी, चार दिवसांपूर्वी मांडून, गुंडाळून, न्हाणीच्या कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या. मोड आलेल्या मोजायच्या, न आलेल्या मोजायच्या, आकडा वहीत लिहायचा. आज दोन गोणपाटं आहेत. चवळी शंभरात ब्याण्णव, अंबाडी शंभरात एकेचाळीस.

मी अंबाडी पुन्हा मोजते. एकेचाळीसच.

"काहून व, किती वेळ मोजतं?" आई चुलीपाशून विचारते. आकडा सांगितल्यावर म्हणते, "मी तं तवाच म्हटलं होतं, राखेत ठेव म्हनून. तुले ते काचेच्या बरण्या पाह्यजे."

बरण्या मला हव्या होत्या हे खरं. फोटोत चांगल्या दिसतात.

आम्ही बीजराख्या करतो. देशी कापसाचं हाताने कातलेलं सूत, झाडापानांचे रंग आणि मधल्या चकतीवर बाभळीच्या डिंकात बसवलेल्या पाच बिया. सण झाला की राखी मातीत पुरायची. सोयाबीनचं प्रमाणित बियाणं विकायचं तर शंभरातलं किमान सत्तर उगवावं लागतं, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला झोपेतून उठवून विचारा. राखीतल्या बीला असा नियम कोणी लावलेला नाही, म्हणून तोच मी स्वतःला लावून घेतला आहे. त्या हिशेबाने अंबाडी बाद. बाराशे राख्या बाकी, आषाढ संपत आलेला आणि पार्सलं निघायला आठ संध्याकाळी उरल्या आहेत.

सकाळी ७.००

अंगणातल्या चुलीवर पातेलं चढवते. जळण पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या वाळक्या काड्यांचं. पातेल्यात फाल्गुनात वेचून वाळवलेली पळसाची फुलं. सूत आधी हिरड्याच्या पाण्यात आणि तुरटीत मुरवलेलं असतं, नाहीतर रंग धाग्यावर बसत नाही, नुसता टेकतो. डाळिंबाच्या सालीचा पिवळा टिकतो. तोच लोखंडाच्या गंजाच्या पाण्यात बुडवला की करडा-काळपट होतो. गंज, गूळ आणि पाणी मडक्यात आंबवून ते काळं पाणी करायचं असतं, आणि त्याचा वास तीन घरं पलीकडच्या काकूंनाही सहन होत नाही.

पळसाचा पिवळा मात्र उन्हात हळूहळू उतरतो. पहिल्या वर्षी मी हे लपवलं होतं. आता पुडक्यावर छापते की रंग उतरेल. राखी तशीही मातीत जायची आहे.

पातेलं उकळेपर्यंत गल्लीवर नजर असते. सगळ्या घरांतून धूर निघतोय. भाकरी, वरण, पोरांचे डबे, गोठा, पाणी. नऊच्या पुढे बायका टोळीटोळीने निंदणाला निघतील. डोक्याला फडकं, हातात विळा, कापडात बांधलेली भाकरी. पावसाळ्यात तण थांबत नाही, म्हणून निंदणही थांबत नाही.

मी भोपाळहून डिझाइन शिकून परत आले तेव्हा समाजमंदिराच्या भिंतीवर छानसं वेळापत्रक लावलं होतं: कामाची वेळ अकरा ते चार. अक्षर वळणदार, रंग नेमके. सात दिवस मी एकटी बसले. आठव्या दिवशी एक आजी आल्या, त्याही सावलीला.

डिझाइनच्या वर्गात आम्हांला तांब्या शिकवला होता. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचं मोठं कौतुक आहे: तो डोक्यावर कसा बसतो, कमरेवर कसा टेकतो, ओतताना तोल कसा राहतो, आणि एका माणसाने नाही तर पिढ्यान् पिढ्यांनी तो कसा घडवला. ते वाचून मी भारावले होते. तो भरायला बाई किती वाजता उठते, हा प्रश्न मला सुचायला मात्र तीन वर्षं लागली.

राखीचा आकार मी दोन दिवसांत ठरवला होता. ती कधी करायची, हे अजून ठरवतेच आहे.

सकाळी ८.३०

पांढुर्ण्याची बस. खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा. आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी, गर्द हिरवी. दिवाळीच्या सुमारास ती रंगावर येतील, पण त्याआधी या दिवसांतली गळ सोसावी लागते. बागवाला झाडाकडे वर पाहण्याआधी खाली पाहतो.

या पट्ट्याला घाटाखालचा मुलूख म्हणतात. सातपुड्याच्या माथ्यावर छिंदवाडा आणि खाली आम्ही. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती तोवर आमच्या आज्या-पणज्यांना सीमा ठाऊक नव्हती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. शाळा हिंदीत, घर मराठीत. पाढे मला आजही हिंदीतच येतात आणि राग मराठीतच. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौसर या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. त्यामुळे माझ्या पुडक्यावरचा पत्ता बदलला आणि छापून ठेवलेले चारशे कागद मागच्या बाजूने वापरावे लागले.

सकाळी १०.००

पांढुर्ण्यात तीन शिंप्यांकडून चिंध्या घ्यायच्या असतात. कागदाचा लगदा त्यांतूनच होतो. पण चिंधी निव्वळ सुती पाहिजे, आणि डोळ्यांनी ते कळत नाही. म्हणून काडेपेटी. चिंधीचा धागा पेटवायचा: सूत कागदासारखं जळतं आणि बोटांत चुरगळणारी राख होते, पॉलिस्टर वितळतं आणि टणक मणी उरतो.

"माही दुकान नको जाळू म्हंजे झालं," पहिले मामा दर वेळी म्हणतात, आणि दर वेळी पाण्याचा पेला जवळ आणून ठेवतात.

आज दोन पोती उचकली तेव्हा अर्ध्या पोत्याच्या आत सूत निघालं. कापसाच्या मुलखात, जिथे बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडची गिरणी उभी आहे आणि वाटेवरचं निम्मं शिवार पऱ्हाटीचं आहे, तिथे शिंप्याच्या पोत्यात निव्वळ सूत शोधावं लागतं. मामा म्हणतात, "सुतीले इस्त्री कोन करत बसन, पोरी?" मी हे लिहून घेते. लोक सुती का सोडतात याचं मी ऐकलेलं हे सगळ्यांत खरं उत्तर आहे, आणि तेही वेळेचंच आहे.

परत बसस्टँडकडे जाताना जाम नदीचा पूल लागतो. पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा, आणि तो मिळवण्यासाठी दोन्ही काठांवरून दगड. पांढुर्ण्याच्या पोराने सावरगावची पोर पळवून नेली आणि नदीत दोघांवर दोन्हीकडून दगड पडले, अशी कथा सांगतात. झेंडा शेवटी चंडीमातेच्या देवळात जातो. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत.

प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू आणून दिले होते. लोकांनी दगडच मारले. लहानपणी मला यात फक्त लोकांचा अडाणीपणा दिसायचा. आता त्या चेंडूंत माझं भिंतीवरचं वेळापत्रक दिसतं. वस्तू बदलली, आकार बदलला, वजन बदललं. पण तो दगड या दोन गावांसाठी काय करतो, हे विचारायचं राहून गेलं. या मारामारीचं समर्थन मी करणार नाही. माझ्या मामेभावाच्या भुवईवर पाच टाके आहेत. पण उत्तर घेऊन जाणाऱ्याने आधी प्रश्न ऐकावा, हे मी त्या चेंडूंवरून शिकले.

दुपारी १.००

घरी. भाकरी, चवळीची उसळ, कांदा. चवळीकडे आज मी वेगळ्या नजरेने बघते.

अंबाडी बारीक, पाच बिया रुपयाच्या नाण्याएवढ्या चकतीवर निवांत बसतात. चवळी मोठी, जड, गुळगुळीत. डिंकाने लावली तर वाळल्यावर टप्पकन सुटते, आणि डिंक जास्त घातला तर ओल धरून फुगते. दुपारभर मी सहा नमुने केले. चौथा बरा होता. पाचवा मनगटावर ढेकळासारखा दिसला.

बियांचा कागदही हाताशी आहे, पण तो चैत्र-वैशाखातला. लगदा चाळणीच्या चौकटीवर पसरला की कडक ऊन लागतं. आषाढात तो वाळण्याआधी बुरसतो. म्हणून पावसाळ्यात फक्त कापणं आणि छापणं. आज आणलेल्या चिंध्या पुढच्या उन्हाळ्यासाठी. या कामात आजचं काही आजच लागत नाही.

दुपारी २.३०

वीज आहे तोवर संगणक. पुण्याच्या एका ताईंचं पत्र आहे: मागच्या वर्षीची राखी उगवली नाही. कुठे लावली होती, असं मी विचारते. अर्ध्या तासाने उत्तर येतं की लावली नाही, फार सुंदर होती म्हणून काचेच्या कपाटात ठेवली. मला हसू येतं आणि मग माझ्या बरण्या आठवतात. त्यांना चवळीच्या दहा बिया मोफत पाठवायचं ठरवते, सोबत सूचना: कृपया कुरूप समजून लावाव्या.

हे काम मी शोधून काढलेलं नाही. आमच्याच सौसर तालुक्यात पारडसिंगा आहे. (काटोलजवळचं, अनसूयामातेचं पारडसिंगा वेगळं.) तिथे शिल्पकार श्वेता भट्टड यांनी शेतकरी, कारागीर आणि गावातल्या बायकांसोबत ग्राम आर्ट प्रोजेक्ट उभा केला. बीजराख्या, बियांचा कागद, देशी कापूस हे या भागात त्यांच्यामुळे रुजलं. 'मेक इन इंडिया'ची घोषणा २०१४ मध्ये झाली. त्यानंतर त्यांनी शेतात पिकांतून पंतप्रधानांचं चित्र उगवलं आणि सोबत विनंती लिहिली की भारतात पिकवाही. तेव्हा मी शाळेत होते. वरून घेतलेल्या फोटोत चेहरा स्पष्ट दिसत होता, आणि मला प्रश्न पडला होता की बांधावर उभं राहिलं तर काय दिसत असेल. वाफे, माती आणि वाकून काम करणारी माणसं. मला तेव्हा फोटो आवडला होता. आता ती वाकलेली माणसं जास्त आठवतात.

तीन वाजून दहा मिनिटांनी वीज जाते.

दुपारी ४.००

शेतात. बाबांनी कडेला देशी कापसाचे पाच तास, म्हणजे पाच ओळी, दिलेत. बाकी सगळं बीटी. यात लपवण्यासारखं काही नाही. घर बीटीवर चालतं, माझं शिक्षणही त्यावरच झालं. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं, आणि बघता बघता देशी वाण बांधावर गेलं. त्याआधीही गिरण्यांना लांब धागा हवा होता. इंग्रजांच्या काळापासून हवा होता. देशी कापसाचा धागा आखूड, जाडसर. मोठ्या यंत्राला तो नको असतो. टकळीला आणि चरख्याला चालतो. तुडतुडे, मावा यांना तो बऱ्यापैकी दाद देत नाही, पाऊस लांबला तरी तग धरतो. पण बोंड लहान, वेचायला वेळ जास्त.

पुन्हा वेळ.

बाबा पाच तासांकडे बघून म्हणतात, "तुह्या राख्यांपुरता होते. धोतरापुरता नाही होत." मी वाद घालत नाही. झाडं वीतभर झाली आहेत. पलीकडच्या शेतात बायकांची ओळ वाकलेली दिसते. त्यांतल्या सात जणी आमच्या गटातल्या. एक हात हलवते. मीही हलवते, पण तिकडे जात नाही. ती मजुरीची वेळ आहे, तिथे मी चवळीचं काढलं तर मुकादमाची बोलणी त्यांना बसतील.

संध्याकाळी ६.००

सहा ते आठ माझ्यासाठी गाव बंद. दुसऱ्या वर्षी मी हीच वेळ धरली होती: कामावरून आल्या की तासभर या. आल्या. हातपाय न धुता आल्या, कारण मी बोलावलं होतं. एका काकूंच्या घरी त्या आठवड्यात तीनदा भांडण झालं. मला ते महिन्यानंतर कळलं, तेही दुसरीकडून. मला इथे कोणी ताई म्हणत नाही, मी इथलीच पोर आहे. तरी 'नाही' म्हणायला त्यांना अवघड गेलं. शिकून आलेल्या पोरीला नाही म्हणणं परक्या ताईला नाही म्हणण्यापेक्षा कठीण असतं.

आता या दोन तासांत मी चकत्या मोजून टोपल्या भरते, सूत लावून ठेवते. बाराजणी, बारा टोपल्या. आई परसात काहीतरी खुरपत असते.

रात्री ८.३०

समाजमंदिराचा ओटा. जेवणं उरकलेली, पोरं अर्धी झोपलेली, दोन बॅटरीचे दिवे. बसायचं ते दहापर्यंत, आणि हे वेळापत्रक त्यांनी ठरवलं आहे. ज्या आजी पहिल्या वर्षी सावलीला आल्या होत्या, त्या अजून पहिल्या येतात.

मी अंबाडीचा आकडा सांगते. कोणी चकित होत नाही. चवळी आणि माझे सहा नमुने ओट्यावर ठेवते. नमुने हातोहात फिरतात, पाचव्यावर खसखस पिकते.

आजी चवळीचे तीन दाणे उचलतात. पोळ्याला त्या गावातल्या निम्म्या बैलांचे गोंडे करतात. सूत बोटावर घेऊन त्या गुंडाळायला लागतात: वर एक फास, खाली एक, मधे दाणे अडकवलेले, बाहेरून सुताची जाळी. डिंक नाही, चकती नाही. दिव्याच्या उजेडात ते छोटं गोंड्याचं फूल मी हातात घेते आणि मला दुसरं काही दिसेनासं होतं. चार वर्षांत माझ्या हातून असं काही झालं नव्हतं.

"हेच करू," मी म्हणते.

"किती टाइम लागला, पाह्य ना आधी," एक काकू म्हणतात.

अकरा मिनिटं. जुन्या राखीला सहा लागायची. मी वही काढते आणि सगळ्या वाकून बघतात. बाराशे राख्या, बाराजणी, आठ संध्याकाळी. सहा मिनिटांनी सात दिवसांत काम होतं. अकरा मिनिटांनी रोज पावणेअकरापर्यंत बसावं लागेल.

"नगाचे पैसे वाढवते," मी म्हणते. मी खरंच वाढवले असते. गिऱ्हाइकाने दिले असते.

कोपऱ्यातल्या मामी सूत न थांबवता म्हणतात, "पैसे देशीन माय, पन झोप कुठून देशीन? पाच वाजता तं उठाच लागते."

यावर माझ्याकडे उत्तर नसतं. गोंडा माझ्या तळहातावर असतो.

मग त्याच मामी कागदाचा एक तुकडा मागतात. उन्हाळ्यातला, बियांच्या कागदाचा. त्याची पुडी बांधतात, किराणा दुकानात जिऱ्याची बांधतात तशी. आत चवळीचे तीन दाणे, आणि पुडी राखीच्या दोऱ्याला गाठीने लोंबती. चकतीवर नुसतं रंगीत सूत, त्यावर काही नाही. सात मिनिटं. मी हिशेब करते: आठव्या संध्याकाळी, दहाच्या आत, काम संपतं.

ती पुडी मला आवडत नाही. मनगटाखाली लोंबणार, भाजीत बुडणार, फोटोत बावळट दिसणार. पण ओल लागणार नाही, बी सुटणार नाही, आणि पुडी उघडावी लागणार असल्यामुळे कपाटात ठेवणाऱ्यालाही आत बी आहे हे कळेल. मी त्यात खोट शोधत राहते तोवर चार पुड्या बांधून झालेल्या असतात.

आजींना वाईट वाटलं असेल म्हणून मी त्यांच्याकडे बघते. त्या गोंडा माझ्या हातातून काढून घेतात. "हा बैलाचाच बरा," म्हणतात, आणि कनवटीला लावतात.

रात्री १०.१५

दहाला दोन मिनिटं असताना दिवे बंद झाले. वहीत नोंद करते: चवळी, पुडी, सात मिनिटं. त्याखालच्या ओळीत: गोंडा, अकरा मिनिटं, पोळ्याला शिकून घेणे. पोळ्याला मीच बसेन त्यांच्याजवळ, माझ्या वेळेत.

पाय धुवायला परसात जाते तर कुंपणाकडेची माती ओली आणि नुकती हललेली दिसते. सकाळची ती एकेचाळीस मोडाची अंबाडी आईने तिथे लावून टाकली आहे. उरलेल्या एकोणसाठ बियांचं काय केलं म्हणून विचारते.

"त्यायच्या बाजूनंच पुरल्या," आई अंधारातून म्हणते. "काहींले उशीर लागते. दिवा मालव आता."